केनेडी: आडनाव एक, घराणी किती?

शॅननकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही गेली सहा वर्षं आयर्लंडमध्ये राहतोय, शॅनन नदीच्या काठी, किलालूपासून जवळच. लेक आयरिश माध्यमाच्या शाळेत जाते. गेल्या महिन्यात तिच्या वाढदिवसाची बोलावणी करायची म्हणून शाळेची यादी घेऊन बसले. तिच्या वर्गात एक 'नी हिनेदे', तिसरीत एक 'ओ किनेदे' आणि पालकांच्या यादीत एक 'ई हिनेदे'. मी आपली तीन घरांसाठी तीन पाकिटं केली. शाळेच्या फाटकाशी तिन्ही पाकिटं एकाच बाईंच्या हातात पडली. बाई हसत सुटल्या. "अगं, आम्ही केनेडी. घर एकच आहे!"

झालं असं की मूळ आयरिश आडनाव 'ओ किनेदे'. यातला 'ओ' म्हणजे नातू, वंशज. हे फक्त पुरुषाचं. मुलगी असेल तर 'ओ'च्या जागी 'नी' येतो आणि पुढचा 'क' मऊ होऊन 'ह'सारखा ऐकू येतो. लग्न होऊन घरात आलेली बाई 'ई' लावते, म्हणजे अमक्याची बायको. 'मॅक'वाल्यांचंही तसंच: मुलगा मॅक, मुलगी निक, सून विक. आपल्याकडे पाटलीणबाई, कुलकर्णीणबाई म्हणतात ना, तोच प्रकार, पण इथे तो थेट शाळेच्या दाखल्यावर. इंग्रजीत गेलं की सगळ्यांचं सरसकट केनेडी होतं.

तेव्हापासून या आडनावाचं वेडच लागलंय. त्यातून आम्ही राहतो तो सगळा भागच केनेडींचा निघाला.

'केन्नेटिग' हे आधी नाव होतं, आडनाव नव्हतं. किलालूच्या आसपास डाल गॅश नावाची जमात होती. तिचा राजा केन्नेटिग मॅक लोर्कान ९५१ मध्ये वारला. त्याचा धाकटा मुलगा म्हणजे ब्रायन बोरू, जो पुढे अख्ख्या आयर्लंडचा राजा झाला आणि १०१४ मध्ये क्लोनटार्फच्या लढाईत पडला. आता गंमत बघा. ब्रायनचे वंशज ओब्रायन झाले, कारण बाप एवढा मोठा झाला की आजोबाचं नाव कोण लावणार! ब्रायनचा एक थोरला भाऊ होता, डॉन कुआन. त्याच्या वंशातले मात्र आजोबाचंच नाव चालवत राहिले आणि ओकेनेडी झाले. म्हणजे ओब्रायनही रक्ताने केनेडीचेच, फक्त पाटी वेगळी. डॉन कुआनच्याच दुसऱ्या एका शाखेतून लोनर्गन आले.

बाराव्या शतकात हे लोक क्लेअरच्या पूर्व भागातून शॅनन ओलांडून उत्तर टिपरेरीत गेले आणि तिथे ऑर्मंडचे राजे म्हणवू लागले. तिथल्या गावाचं नाव नीना. (हो, आपल्या नीनासारखाच उच्चार. माझ्या मावशीचं नाव आहे, त्यामुळे पहिल्यांदा पाटी वाचून दचकले होते.) तिथे बटलर घराण्याशी त्यांची पिढ्यान् पिढ्या मारामारी. पुढे केनेडींच्यात तीन शाखा पडल्या: फिन, डॉन आणि रो. म्हणजे गोरे, तपकिरी आणि तांबडे. केसांच्या रंगावरून!

नावाचा अर्थ? 'केन' म्हणजे डोकं, एवढं नक्की. पुढच्या भागावर वाद आहे. काही म्हणतात 'कुरूप', काही म्हणतात 'चिलखत', म्हणजे शिरस्त्राण घातलेलं डोकं. कोणता केनेडी कोणता अर्थ सांगतो ते तुम्ही ओळखा.

इथे कुणाला स्कॉटलंडच्या केनेडींबद्दल माहिती आहे का? ते आमच्यातलेच का?

गरम भजी

गोरे, तांबडे आणि कुरूप डोक्याचे! आमच्या वर्गात काळे, गोरे, वाकडे आणि डोईफोडे एका बाकावर बसायचे. आयरिश लोकांना सांगा, घरचेच आहात.

जॉन एफ. केनेडी पण याच ब्रायन बोरूचा वंशज ना? आणि मुंबईचा केनेडी पूल त्याच्याच नावाचा का?

शॅननकाठची

भजी, पूल ब्रिटिश अमदानीतला आहे हो. जॉन एफ.चा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि जॉन एफ. टिपरेरीचा नाही, वेक्सफर्डचा. त्याचा पणजोबा पॅट्रिक केनेडी न्यू रॉसजवळच्या डंगन्सटाउनचा. बटाट्याच्या दुष्काळात बोस्टनला गेला, तिथे पिंपं बनवण्याचं काम केलं आणि १८५८ मध्ये कॉलऱ्याने गेला. मागे विधवा आणि लहान लेकरं. जॉन एफ.चे आठही पणजोबा-पणज्या आयरिश होते. जून १९६३ मध्ये तो त्या शेतघरात येऊन चहा पिऊन गेला, आणि नोव्हेंबरात त्याचा खून झाला. ते घर आता बघायला खुलं आहे, आम्ही गेलो होतो. न्यू रॉसच्या धक्क्यावर दुष्काळातल्या जहाजाची प्रतिकृती उभी आहे. त्या जहाजाच्या पोटात पाच मिनिटं उभं राहिलं की पुढचं काही बघायची इच्छा उरत नाही.

वेक्सफर्डचे केनेडी मूळचे ऑर्मंडमधून खाली गेले असं सांगतात. असेलही. पण पॅट्रिकपासून ब्रायन बोरूपर्यंत सलग कागद मला कुठे दिसला नाही. दुकानात पंधरा युरोत वंशवृक्षाची गुंडाळी मिळते, तिच्यात मात्र सगळं सलग असतं.

क्लाईडकाठी

मी ग्लासगोत असतो, म्हणून स्कॉटलंडचं सांगतो. जरा लांबेल.

आमचे केनेडी नैर्ऋत्येचे, एअरशरमधल्या कॅरिक प्रांताचे. आज तिथे सगळे स्कॉट्स बोलतात, पण मध्ययुगात हा भाग गेलिक, म्हणजे आयरिश लोकांचीच भाषा, बोलणारा होता. म्हणून नाव तेच. पण नाव तेच म्हणून घराणं तेच असं समजू नका. केन्नेटिग हे नाव आयर्लंडमध्येही एकट्या डाल गॅशांचं नव्हतं. नवव्या शतकात लीशचा एक राजाही केन्नेटिगच होता. समुद्राच्या दोन्ही काठांवर एकच भाषा, एकच नावं. दोन काठांवर दोन केन्नेटिग झाले तर त्यांच्या नातवंडांना भावकी कशाला ठरवायचं? सगळे पाटील एकमेकांचे चुलते असतात का?

कॅरिकमध्ये एक शब्द कागदपत्रांत येतो, 'केनकिनॉल'. मूळ गेलिक 'केन किनेल', कुळाचा प्रमुख. हे वतनच होतं. कुळातल्या लोकांना लढाईला बोलवायचं, त्यांचा न्याय करायचा. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट दुसरा याने १३७२ मध्ये हे प्रमुखपण ड्युन्युअरच्या जॉन केनेडीच्या नावे कायम केलं. तिथून घराणं चढत गेलं. पुढच्या पिढ्यांत राजाची मुलगी सून म्हणून आली. तिचा मुलगा जेम्स बिशप झाला आणि त्याने १४५० मध्ये सेंट अँड्र्यूजला सेंट साल्व्हेटर्स कॉलेज काढलं. १५०९ मध्ये कॅसिलिसची अर्लकी, म्हणजे मोठी सरदारकी, मिळाली, आणि चारच वर्षांत तो पहिला अर्ल फ्लॉडनच्या लढाईत मेला.

आता मसालेदार भाग. चौथ्या अर्लला लोक 'कॅरिकचा राजा' म्हणायचे. क्रॉसरॅग्वेल मठाच्या जमिनींवर त्याचा डोळा होता. १५७० मध्ये त्याने मठाचा कारभारी अॅलन स्ट्युअर्ट याला ड्युन्युअरच्या किल्ल्यात नेलं, तळघरात विस्तवावर धरून अक्षरशः भाजलं आणि कागदांवर सह्या घेतल्या. त्याला सोडवायला कोण आलं? बार्गनीचे केनेडी! त्याच घराण्याची दुसरी पाती. पुढे या दोन पात्यांचं असं पेटलं की १६०१ मध्ये बार्गनीचा तरुण केनेडी मेबोल गावाजवळ अर्लच्या माणसांच्या हातून मारला गेला. भाऊबंदकीला भाषा लागत नाही.

ड्युन्युअरचा किल्ला आज पडका आहे, समुद्रावर. मी गेलो तेव्हा तिथे शाळेची सहल आली होती आणि मुलं 'भाजलं कुठे, भाजलं कुठे' विचारत फिरत होती.

अनुस्वार

'केनेथ' आणि 'केनेडी' एकच का मग? आणि मॅकेन्झी म्हणजे केनेथचा मुलगा असं वाचलंय. मग हे सगळे एका माळेचे मणी झाले.

क्लाईडकाठी

नाही हो. इंग्रजीतून वाचलं की असं वाटतं. मॅकेन्झी हा 'मॅक कोन्यिच', कोन्याख नावाच्या माणसाचा मुलगा. इंग्रजीत कोन्याखचा केनेथ केला. स्कॉटलंडचा जुना राजा केनेथ मॅकअल्पिन, त्याचं खरं नाव किनाइद. तेही केनेथ झालं. आणि केनेडी तिसरंच, केन्नेटिग. तीन वेगळी गेलिक नावं इंग्रज कारकुनाच्या लेखणीखाली एकसारखी दिसायला लागली.

मोडीप्रेमी

कारकुनाचा विषय निघाला म्हणून. मॅकेन्झीमधला 'झ' मुळात 'झ' नाहीच! जुन्या स्कॉट्समध्ये 'योख' नावाचं अक्षर होतं, 'य'च्या आसपासच्या उच्चाराचं, दिसायला शेपटीवाल्या इंग्रजी झेडसारखं. छापखान्यांकडे तो खिळा नव्हता, त्यांनी झेड लावला. पुढे लोक तो झेड वाचायलाच लागले. 'मेन्झीज' आडनाव जुने लोक अजून 'मिंगिस' म्हणतात. कॅरिकच्या केनेडींचा प्रसिद्ध राजवाडाही लिहितात 'कल्झिअन' आणि म्हणतात 'कलेन'. आणि अर्लकी 'कॅसिलिस', पण उच्चार 'कॅसल्स'.

मोडी वाचणाऱ्याला हे नवीन नाही. दप्तरात एका फाट्याने माणसाचं आडनाव बदललेलं रोज बघतो.

क्लाईडकाठी

व्वा! मी चार वर्षं 'कल्झिअन' म्हणत होतो आणि कुणी टोकलं नाही. स्कॉटिश सभ्यता, दुसरं काय.

कलेन जरूर बघा. रॉबर्ट अॅडमने १७७७ पासून बांधलेला, कड्यावर, खाली समुद्र, आत अंडाकृती जिना. १९४५ मध्ये केनेडींनी तो राष्ट्रीय न्यासाला दिला आणि वरचा मजला जनरल आयझेनहॉवरला वापरायला ठेवला. गच्चीवरून समोर एल्सा क्रेगचा खडक दिसतो. घराण्याची पुढची पदवी, मार्क्वेस ऑफ एल्सा, त्याच्यावरून. कर्लिंग खेळाचे दगडही त्याच बेटाच्या ग्रॅनाइटचे.

सातारकर काका

छान चाललंय. आमचंही एक स्कॉटिश नाव घ्या. महाबळेश्वरची माल्कम पेठ सर जॉन माल्कमच्या नावाची. १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर, मूळचा डम्फ्रीसशरचा. मुलाने विचारलं होतं या नावाचा अर्थ काय, मी सांगितलं इंग्रजी नावांना अर्थ नसतो. चुकलं का?

शॅननकाठची

काका, चुकलंच! माल्कम म्हणजे 'माएल कोलुम', संत कोलंबाचा मुंडन केलेला दास. आणि कोलंबा होता आयरिश. ५६३ मध्ये समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या आयोना बेटावर गेला आणि तिथे मठ काढला. म्हणजे महाबळेश्वरच्या बाजारपेठेवर एका आयरिश साधूचं नाव आहे. रामदास, विठ्ठलदास तसा हा कोलंबादास.

सातारकर काका

कोलंबादास पेठ! उद्या फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगतो.

अनुस्वार

मघाशी आगाऊपणा केला, आता भरपाई. आयरिश लोकांच्या 'ओ'चं काय झालं याबद्दल वाचलं. १४६५ मध्ये डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अमलातल्या आयरिशांसाठी कायदा झाला की इंग्रजी आडनाव घ्या. आणि पर्यायही दिले: गावाचं (ट्रिम, कॉर्क, किन्सेल), रंगाचं (पांढरा, काळा, तपकिरी), धंद्याचं (लोहार, सुतार) किंवा कामाचं (आचारी, बटलर). कसं वाटतं, सरकारी यादीतून आडनाव निवडायचं!

फार लोकांनी मानलं नाही म्हणे. पण सतराव्या-अठराव्या शतकात जमिनी गेल्या, राज्य गेलं, तेव्हा 'ओ' आणि 'मॅक' आपोआप गळले. १८९३ मध्ये आयरिश भाषा जगवायला गेलिक लीग ही संस्था निघाली, त्यानंतर पुष्कळांनी 'ओ' परत लावला. सलिव्हनचे ओसलिव्हन झाले. मग केनेडींनी का नाही लावला?

शॅननकाठची

हाच प्रश्न मी त्या बाईंना विचारला. म्हणाल्या, "आयरिशमध्ये लावतोच की." बरोबरच आहे, पाकिटांनी मला तेच शिकवलं होतं.

ओकेनेडींच्या राज्याची एक खूण डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. स्टो मिसल नावाची जुनी प्रार्थनापोथी आहे, तिच्यासाठी केलेली धातूची पेटी. अकराव्या शतकात ती मढवली तेव्हा तिच्यावर ब्रायन बोरूच्या मुलाचं नाव कोरलं. चौदाव्या शतकात ती पुन्हा दुरुस्त केली, तेव्हा ऑर्मंडचा राजा पिलिब ओकेनेडी आणि त्याची राणी आन्या यांची नावं आली. चुलत घराण्यांची नावं एकाच पेटीवर, मध्ये तीनशे वर्षं. पोथी अठराव्या शतकात लॅकीनच्या किल्ल्याच्या भिंतीत सापडली असं सांगतात. तोही केनेडींचाच किल्ला, आमच्याकडून तासाभरावर. मधे एका शेतकऱ्याची गाय आडवी आली नाही तर.

मोडीप्रेमी

क्लाईडकाठींनी वॉल्टर केनेडीला विसरावं हे बरं नाही. १५०० च्या सुमाराचा कवी, त्याच कॅरिकच्या घराण्यातला. त्याची आणि विल्यम डनबारची 'फ्लायटिंग' प्रसिद्ध आहे. फ्लायटिंग म्हणजे दोन कवींनी छंदात एकमेकांना शिव्या घालायच्या. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचा झगडा, पण अध्यात्म वजा. डनबार त्याला गेलिक बोलणारा रानटी म्हणतो. केनेडी उलट सुनावतो की गेलिक हीच सगळ्या खऱ्या स्कॉट लोकांची भाषा असायला हवी. कॅरिकमध्ये तेव्हा गेलिक जिवंत होती याचा एवढा सणसणीत पुरावा दुसरा नाही.

क्लाईडकाठी

मान्य, चूक पदरात घेतो. आणखी एक राहिलं. उत्तरेला लोखाबरच्या डोंगरांतही केनेडी आहेत. ते गेलिकमध्ये 'मॅक उआलरिक' म्हणवतात. कुणी उलरिक केनेडी खून करून एअरशरमधून पळाला आणि तिथे वस्ती केली, अशी कथा. आणि सतराव्या शतकात स्कॉट लोकांना आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमध्ये वसवलं, तेव्हा कॅरिकचे केनेडी तिकडे गेले. त्यामुळे तिथल्या अँट्रिम आणि डाउनमधला प्रेस्बिटेरियन (प्रोटेस्टंट पंथाचा) केनेडी बहुधा मूळचा स्कॉट, आणि टिपरेरीतला कॅथलिक केनेडी डाल गॅश. एकाच बेटावर, एकच स्पेलिंग.

जनुकजीवी

याला थोडा जनुकीय आधार आहे. पुरुषांच्या वाय गुणसूत्रावर एल-२२६ नावाची खूण असते, तिचा संबंध डाल गॅशशी जोडतात. ओब्रायन आणि टिपरेरीकडचे केनेडी यांच्यात ती सापडते. पण सावध. ती फक्त बापाकडची एक रेष दाखवते. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमचे हजारावर पूर्वज होतात, त्यातला एक माणूस कळला. आणि मधे कुणी दत्तक, कुणी आईचं आडनाव लावणारा निघाला की रेष तुटली.

गरम भजी

समजा मला कुणी केनेडी जावई मिळाला (मिळो!), तर त्याचं घराणं शोधायचं कसं?

क्लाईडकाठी

जावई स्कॉटिश बघा, सोपं जाईल. इथे जन्म-मृत्यू-लग्नाची सक्तीची नोंद १८५५ पासून. मृत्यूच्या दाखल्यावर आई-बाप दोघांची नावं, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. एका दाखल्यावरून दोन घराणी सापडतात. त्याआधीची चर्चची दप्तरं, सगळ्यात जुनी १५५३ ची.

शॅननकाठची

आयरिश जावई असेल तर रडायची तयारी ठेवा. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दप्तर उडालं. १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या जळाल्या. १८६१ ते १८९१ च्या तर सरकारने आधी स्वतःच नष्ट केल्या होत्या! उरल्या १९०१ आणि १९११. त्या फुकट बघता येतात.

म्हणून इथे माणसं ग्रिफिथचं मूल्यांकन धरतात. १८४७ ते १८६४ मध्ये करासाठी केलेली पाहणी. आपल्या सातबाऱ्याची चुलत बहीण म्हणा: जमीन कुणाकडे, मालक कोण, घर आहे का, किंमत किती. सगळं 'टाउनलँड'प्रमाणे. टाउनलँड म्हणजे शहर नव्हे, गावाहूनही लहान, वाडीएवढा तुकडा. असे साठ हजारांवर तुकडे आहेत. तुमच्याकडे नुसतं आडनाव असेल तर काहीच नाही. टाउनलँडचं नाव असेल तर अर्धं काम झालं. अमेरिकेहून येणारे पाहुणे 'आम्ही केनेडी' म्हणून सुरू करतात आणि इथला माणूस पहिला प्रश्न करतो, "कुठले?"

अनुस्वार

वाचनखूण साठवली. त्या बाईंच्या घरचं सापडलं का काही?

शॅननकाठची

हो, तेच सांगायला आले.

काल त्यांच्याकडे गेले होते. बाईंचे सासरे ऐंशीच्या पुढचे. मी ब्रायन बोरू, डॉन कुआन, फिन-डॉन-रो सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते असेल. आम्ही भट्टीचे केनेडी." या भागात केनेडींची चार-पाच घरं होती, त्यात दोन पॅट्रिक. मग एक भट्टीचे, एक टेकडीचे, एक पुलावरचे. भट्टी म्हणजे लोहाराची. आता तिथे पत्र्याची शेड आहे.

टाउनलँडचं नाव विचारून घेतलं आणि त्यांच्यासमोरच फोनवर ग्रिफिथ उघडलं. पानावर तीन केनेडी होते. एकाच्या पुढे लिहिलं होतं: घर, भट्टी आणि जमीन.

आजोबांनी चष्मा बदलला. मला वाटलं आपल्या पूर्वजाचं नाव बघून डोळे पाणावतील. त्यांनी बोट ठेवलं ते वरच्या ओळीवर. शेजारच्या रायनवर.

"हे बघ," सुनेला म्हणाले, "तेव्हाही तिथेच होते. यांच्याशी बांधावरून आपलं अजून बोलणं नाही."